बाळाला बाकावर ठेवलं तेव्हा

नेटा लीझेला माफ करायला निघाली तो गुरुवार होता. टोपलीत पहाटे भाजलेले अकरा पाव होते, मोठ्या गोळ्यावर लहान गोळा बसवलेले, दुमजली. बारावा लेकीच्या, मारिकेच्या हातात होता आणि त्याचा वरचा मजला केव्हाच तिच्या पोटात गेला होता. धाकटा हान्स शालीत बांधून पाठीवर. रस्त्यावरचा चिखल गोठून दगड झालेला, आणि दक्षिणेचे डोंगर इतके पांढरे की त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

नेटाला हलकं वाटत होतं. माफ करायचं ठरवलं की माणसाला वाटतं तसं. आठवडाभर तिनं प्रार्थना केली होती, की प्रभू, माझ्या मनातला हा राग काढून घे. काल रात्री भांडी विसळताना तो निघून गेल्यासारखा वाटला होता. रविवारी प्रभुभोजन. मनात किल्मिष ठेवून त्या मेजाजवळ जायचं नाही, हे लिंडेनताल या किर्गीझ मुलखातल्या जर्मन गावात पोराटोरांनाही ठाऊक: आधी समेट, मग एकमेकांचे पाय धुणं, मग भाकर. आणि मंगळवारी लीझे जाणार होती. जर्मनीला, कायमची. आता जे काय मिटवायचं ते या चार दिवसांत.

लीझे तिची चुलत बहीण, तेरा वर्षांनी मोठी. नेटाची आई आणि दोघे भाऊ पाच वर्षांपूर्वीच तिकडे राहायला गेले. नेटाचा नवरा कोर्ने मात्र ‘माझ्या गाई इथे, माझी जमीन इथे’ म्हणून बसला, आणि मग त्या जमिनीवर भागेना म्हणून ट्रक घेऊन कझाकस्तानात फिरायला लागला, तो पंधरा-पंधरा दिवस तोंड दाखवायचा नाही. या पाच वर्षांत आई म्हणा, बहीण म्हणा, शेजारीण म्हणा, नेटाला सगळं मिळून एक लीझे होती. हान्सची नाळ कापली तीही तिनंच.

“ये,” लीझेनं दार उघडून म्हटलं. “बूट झटक. आता फरशी पुसून मला काय मिळणार म्हणा. पण झटक.”

खोलीत दोन बॅगा उघड्या पडलेल्या. कपाटावर, आरशावर, शिवणयंत्रावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या, कोणती वस्तू कुणाला द्यायची त्याच्या: ‘सारा आजी’, ‘शाळा’, ‘बुरुल’. नेटानं न बघितल्यासारखं करून सगळ्या वाचल्या. तिचं नाव कुठेच नव्हतं.

“लीझे, मी एक सांगायला आलेय,” ती म्हणाली. “मी तुला माफ केलंय. मनापासून.”

लीझेच्या हातात घडी घातलेला टॉवेल होता. तिनं तो पुन्हा उलगडला.

“कशाबद्दल गं?”

“कशाबद्दल म्हणजे? दीड वर्ष तू मला न सांगता कागद भरत होतीस. रोज माझ्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायचीस आणि पोटातलं ओठावर आणलं नाहीस. त्याबद्दल.”

“बरं. आणि वही?”

“ते रागाच्या भरात झालं.”

“झालं.”

“हो, झालं! तू अचानक सगळ्यांसमोर सांगितलंस. कुणालाही राग आला असता.”

“आला असता ना. म्हणजे शेगडीनंच तोंड पसरून ओढून घेतली म्हणायची. बिचारी नेटा, उगाच मधे उभी होती.” लीझेनं टोपलीतला एक पाव उचलून मारिकेच्या रिकाम्या हातात दिला. मग टोपली टेबलावर रिकामी केली आणि नेटाला परत दिली. “पाव ठेवून जा. तुझ्या हातचे आता पुन्हा कुठे मिळणार! माफी तेवढी घरी घेऊन जा. ती इथे कुणी मागवली नव्हती.”

ती वही लीझेच्या वडिलांची. सक्तमजुरीच्या छावणीत असताना त्यांनी आठवतील तेवढी भक्तिगीतं त्यात उतरवली होती, सुरांच्या जागी एक ते सात आकडे, चार आवाजांच्या चार ओळी. पेन्सिल अर्ध्या बोटाएवढी उरली की म्हणे ते ती दातात धरून ठेवायचे, कुणी चोरू नये म्हणून. गावातली गायकमंडळी कधीकाळी चाळीस होती, आता पाच. तरी बुधवारी त्याच वहीवरून सराव व्हायचा आणि लीझे हात हलवून ताल द्यायची. गेल्या आठवड्यात बुधवारी सराव संपला, लीझेनं वही स्टँडवर ठेवली आणि म्हणाली, “कागद आलेत माझे. पुढल्याच्या पुढल्या मंगळवारी निघते.” पुढचं नेटाला धुरातून दिसावं तसं आठवायचं. वही हातात आली, शेगडी पेटलेली होती, आणि मग सारा आजी ओरडल्या. लीझे ओरडली नाही. तिनं फक्त हात खाली घेतला. तो अर्धवट पुढे उचललेलाच राहिला होता.

परतीच्या वाटेवर कुंपणाशी बुरुल एजे भेटली. एजे म्हणजे थोरली बहीण. बुरुलला सगळी गल्लीच एजे म्हणायची, तिची स्वतःची सून धरून. रिकामी झालेली जर्मन घरं किर्गीझ कुटुंबांनी घेतली त्यातलं नेटाच्या शेजारचं बुरुलचं.

“काय गं पोरी, तोंड का उतरलंय? सकाळी तर उड्या मारत गेलीस.”

नेटानं सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढला.

“थांब थांब,” बुरुल म्हणाली. “मला म्हातारीला नीट समजू दे. वही कुणाची?”

“तिच्या वडिलांची.”

“जाळली कुणी?”

“मी.”

“आणि माफ कुणी केलं?”

“...मी.”

बुरुल इतकी हसली की तिला कुंपण धरावं लागलं. “भलतेच गं तुम्ही लोक! आमच्यात मेंढी चोरणारा निदान मेंढीवाल्याला माफ करायला तरी जात नाही.”

“तुम्हाला नाही कळायचं, एजे. आमच्यात मनात राग ठेवायचा नसतो.”

“नको ना ठेवूस. पण म्हणून दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायचा?” तिनं डोळे पुसले, हान्सच्या गालाला बोट लावलं. “दूध जास्त आहे आज. भांडं घेऊन ये.”

नेटा भांडं घेऊन गेली नाही.

शनिवारी दुपारी तयारीची सभा. प्रार्थनाघरात बाकं तीस आणि माणसं अकरा. अब्राम आजोबा, मंडळीचे प्रमुख, वय वर्षं ब्याऐंशी, काठी टेकत एकेकासमोर उभे राहायचे, नाव घेऊन विचारायचे, “तुझं सगळ्यांशी बरं आहे?” माणूस म्हणायचा, “हो, आजोबा.” दर वेळी असंच. नेटाच्या लहानपणी हे विचारायलाच दोन तास लागायचे आणि पोरं बाकाखाली झोपून जायची. आता हान्सचं दूध पिऊन होण्याआधी तिची पाळी आली.

त्याआधी लीझेची आली. “नाही, आजोबा,” लीझे म्हणाली. कुणी मान वळवून बघितलं नाही.

“तुझं, नेटा?”

“माझ्याकडून मी माफ केलंय.”

आजोबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. “तुझ्या मनात कुणाबद्दल काय आहे, हे मी विचारलं नाही, बाळ. तुझ्याबद्दल कुणाच्या मनात काही आहे का? प्रभूनं त्या दाराशी जायला सांगितलंय. आपण सगळे उलट्या दाराशी जातो. ते जवळ पडतं. मीसुद्धा भावाच्या दारावरून वीस वर्षं नुसता पुढे गेलो, आणि मग तो वारला.”

“पण तिनंच मला...”

“तिचं ती बघेल. तिचं ओझं तिचं आहे. तुझं कुठंय?”

नेटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळे लीझेच्या बाजूचे. जाणारीचं कौतुक, राहणारीला उपदेश. तिनं हान्सला शालीत घेतलं, मारिकेचा हात धरला आणि पुढच्या माणसाला विचारून व्हायच्या आत ती बाहेर पडली.

घरी येऊन तिनं लंगोट उकळायला ठेवले. दोन्ही मुलं झोपली. बाहेर बारीक बर्फ पडायला लागला होता, आवाज नसलेला. लाकडी चमच्यानं लंगोट ढवळत ती बोलायला लागली. आधी मनात, मग मोठ्यानं. लीझेला सुनावलं. अब्राम आजोबांना सुनावलं, बुरुलला, तिच्या मेंढीला. मग कोर्नेला, की तुझ्या गाईंपायी मी इथे सडतेय. मग आईला: जाताना बसच्या खिडकीतून मला डबा कसला देत होतीस, स्वतः उतरली असतीस तर! आईवर आवाज चढवला आणि तो भिंतीवर आपटून परत आला तेव्हा ती गप्प झाली.

घरात कुणी नव्हतं. झोपलेली दोन लेकरं आणि उकळणारं पाणी. तिला डिवचायला कुणी आलेलं नव्हतं, न सांगता कुणी कागद भरलेले नव्हते, आणि तरी राग होता. हाताच्या बोटांपर्यंत भरलेला, अगदी त्या बुधवारसारखा. लीझे इथे नाही, मग हा कुणी आणला?

तेवढ्यात हान्स किरकिरला. तिनं त्याला उचललं, पण भांडं उतू चाललेलं. म्हणून त्याला बाकावर ठेवलं, भिंतीच्या बाजूला, घरंगळू नये म्हणून शालीची घडी कडेला लावली, तो शांत होईपर्यंत पोटावर तळवा ठेवला.

आणि तळवा तसाच राहिला.

त्या बुधवारीही हेच केलं होतं तिनं. हान्स तिच्या डाव्या हातावर होता. लीझे बोलली, आणि नेटानं आधी इकडेतिकडे बघितलं, कुठल्या बाकावर वारा येत नाही ते. सारा आजींची पिशवी बाजूला सरकवली. डोक्याचा रुमाल सोडून त्याची घडी घातली, त्याच्या मानेखाली दिली. त्याला आतल्या बाजूला ठेवलं. पोटावर तळवा ठेवून तो डोळे मिटेपर्यंत थांबली. मग वळली. तीन पावलं चालली. वही उचलली. शेगडीचं दार बंद होतं. ते तिनं सळईनं उघडलं, तापलेलं होतं म्हणून.

धूर नव्हताच कुठे. सगळं स्वच्छ दिसत होतं. राग आंधळा असतो म्हणतात, पण तिच्या रागाला बाळ कुठे निजवायचं हे बरोबर दिसत होतं, आपला हात भाजू नये हे कळत होतं, आणि त्या खोलीतल्या सगळ्या वस्तूंमधली कोणती जाळली तर लीझेला सर्वांत जास्त लागेल हेही त्यानं न चुकता ओळखलं होतं. पाणी उतू जाऊन शेगडीवर चरचरलं तरी ती उठली नाही.

आठवडाभर ती प्रभूला म्हणत होती, हा राग काढून घे. जसं काही कुणीतरी आपलं गाठोडं चुकून तिच्या घरी विसरून गेलंय. तिला आता ते म्हणवेना. ती जमिनीवर बसली, बाकाला डोकं टेकलं, आणि म्हणाली, “माझा आहे.” त्यापुढे तिला प्रार्थना सुचली नाही. हान्सनं तिचे केस मुठीत धरले आणि ओढले. चांगले जोरात.

रविवारी प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत बायकांची पाय धुण्याची तयारी होती. पितळी घंगाळं तीन, कोमट पाणी, मांडीवर टॉवेल. बायका सहा, जी शेजारी बसेल ती जोडीदारीण. लीझे दाराजवळ उभी होती, कोट न काढता. सारा आजी मोज्यांशी झटापट करत होत्या.

“मला बोलायचंय,” नेटा म्हणाली. “सगळ्यांसमोर केलं, म्हणून सगळ्यांसमोर.”

“आधी बस तरी,” सारा आजी म्हणाल्या.

“उभीच बरी.” तिनं लीझेकडे बघितलं. “मी वही जाळली. झाली नाही, मी जाळली. रागाच्या भरात म्हणाले होते, ते खोटं होतं. मी आधी हान्सला बाकावर ठेवलं. रुमालाची घडी घातली. तो झोपेपर्यंत थांबले. मग आले आणि वही घेतली. मधे वेळ होता, लीझे. भरपूर वेळ होता. तुला लागावं म्हणून मी ती निवडली. तू कागद भरलेस, त्याचा याच्याशी संबंध नाही. मी चुकले. मला क्षमा कर.”

घंगाळातली वाफ तेवढी हलत होती. लीझे म्हणाली, “मी बघितलं होतं ते. तू त्याला निजवत होतीस, आणि मला वाटलं, आता ही रडायला माझ्याजवळ येईल. मी हातही पुढे करणार होते.” तिचा आवाज फुटला. “तेच डोळ्यासमोर येतं गं. वहीचं राहू दे. वडील गेले तेव्हाच ती गेली असं समजेन. पण ती रुमालाची घडी...”

“हो,” नेटा म्हणाली.

“आज नाही जमणार मला. मी तोंडदेखलं म्हणू का? तसं म्हणून पाय धुऊन घेऊ?”

“नको.”

“मग नाही.”

सारा आजींनी मोजा पुन्हा वर ओढला, मग आठवण होऊन खाली.

चौघींनी एकमेकींचे पाय धुतले. नेटा आणि लीझे मागच्या बाकावर बसल्या, मधे दोन माणसांची जागा सोडून. भाकरीचं ताट आलं. लीझेनं न घेता पुढे केलं, नेटानंही. अब्राम आजोबा ताट घेऊन त्यांच्यासमोर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबले, इतकंच.

उपासना संपल्यावर घंगाळं रिकामी करायचं काम भाकर न घेतलेल्या दोघींकडेच आलं. एकेक घंगाळ दोघींनी दोन कड्यांना धरून अंगणात नेलं. पाणी बर्फावर पडून फसफसलं. तिसऱ्या घंगाळाच्या वेळी लीझे म्हणाली, “तुला का सांगितलं नाही, माहितेय? भीती वाटायची. तुझी नाही. तुझ्या रागाची. तू सतरा वर्षांची असल्यापासून मी तुझ्या रागाच्या कडेकडेनं चालतेय. आणि तेही मी चुकलेच. दीड वर्ष खोटं वागले तुझ्याशी.”

‘बघ!’ हा शब्द नेटाच्या जिभेवर आला होता. ‘बघ, म्हणजे तूसुद्धा!’ किती बरं वाटलं असतं! एवढा एक शब्द, आणि अर्धं ओझं पलीकडच्या कड्याकडे सरकलं असतं. तिनं तो शब्द गिळला.

“माझं मी सांगितलं,” ती म्हणाली. “तुझं तू सांगितलंस. ते मी माझ्यात नाही मिसळत.”

लीझेनं तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. “हात गारठलेत तुझे,” ती म्हणाली. “आत चल.”

मंगळवारी सकाळी गाडी आली. बुरुलनं प्रवासासाठी तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, बोरसोकांची, एवढी मोठी पिशवी दिली की ड्रायव्हर म्हणाला, “एजे, विमान उडेल ना?” सगळे हसले. लीझे सगळ्यांना भेटली. नेटासमोर आली तेव्हा तिनं मिठी मारली नाही. हान्सची टोपी सरळ केली.

“रविवारी जमलं नाही,” ती हळू म्हणाली. “तिकडे जाऊन कदाचित जमेल. जमलं की कळवीन. लिहीन तसं.”

“आणि नाही जमलं तर?”

“तरी लिहीन. पण तेव्हा थोडकं.” तिला हसू यायला झालं होतं, पण आलं नाही. ती गाडीत बसली. गाडी पॉपलर झाडांच्या रांगेतून गेली, वळणावर तिचा लाल दिवा लागला, आणि मग रस्ता नुसताच रस्ता राहिला.

नेटा घरी आली, बटाटे सोलायला बसली. मारिके समोर पाय हलवत बसली होती, तिच्याकडे एकटक बघत.

“लीझे मावशी कुणामुळे गेली?”

“कुणामुळे नाही. तिला जायचं होतं.”

“आणि तू कुणामुळे रडतेस?”

नेटाचा चाकू थांबला. सोयीची खूप नावं होती.

“कुणामुळे नाही गं,” ती म्हणाली. “माझं मलाच येतंय रडू.”

मारिकेनं विचार केला. मग स्टूल ओढून जवळ आणलं आणि एक बटाटा उचलला.

“सोलून देऊ?”

“दे. पण चाकूनं नाही. मातीच पूस नुसती.”